आरोळीखालची ओळ

दहा वर्षं झाली, काहीतरी करू, असं पहिल्यांदा बोललो तो मीच. त्यामुळं आता शिव्या घालायला दुसरा माणूस सापडत नाही, आणि मी शोधला नाही असं नाही.

नांदेडात माझं मोबाईलचं दुकान आहे. पुढं चार्जर, कव्हरं, फुटलेल्या काचा बदलणं. मागं एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली. त्या खोलीत आम्ही गाणी करतो. कोणी रॅप करतं. आणि लातूरचा माझा भागीदार कॉम्प्युटरवर अशी इलेक्ट्रॉनिक गाणी करतो की ज्यांत शब्दच नसतात, नुसते आवाज असतात, आणि सहा मिनिटं झाली तरी माणसाला वाटतं की आता सुरू होईल. तो तिकडं एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मी इकडं गिऱ्हाइकाला टेम्पर्ड ग्लास लावून देतो. आम्ही दोघं मिळून एक म्युझिक लेबल आहोत. डोक्यावर कोणत्या कंपनीचा हात नाही, म्हणून इंडिपेंडंट. माझी बायको म्हणते, इंडिपेंडंट म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही तो.

तर लेबलला दहा वर्षं झाली म्हणून त्यांतली निवडक बारा गाणी एकत्र काढायची असं ठरलं. पुठ्ठ्याची छानशी डबी, आत पेन ड्राइव्ह, सोबत छोटं पुस्तक, त्यात कोणत्या गाण्यात कोणी काय केलं त्याची नोंद. मला वाटलं पंधरा दिवसांचं काम. कसलं काय! बारा गाणी म्हणजे बारा नवरदेव निघाले, आणि प्रत्येकाला वाटायलं की वरात आपलीच. एकाला पहिलं गाणं स्वतःचंच पाहिजे. दुसरा म्हणाला, जुन्या गाण्यात माझा आवाज कोवळा वाटायलाय, नवीन रेकॉर्ड करून देतो. अरे बाबा, दहा वर्षांपूर्वीचं गाणं आहे, दहा वर्षांपूर्वीचाच आवाज असणार ना त्यात! तिसऱ्याचं लग्न ठरलेलं. त्याला गाण्यातल्या दोन शिव्या काढून पाहिजेत, कारण सासरे ऐकतील. चौथा राजकारणात शिरलेला. त्याला डबीवर त्याच्या साहेबांचा फोटो पाहिजे आणि खाली शुभेच्छुक म्हणून अकरा जणांची नावं.

"अरे ही पेन ड्राइव्हची डबी हाय, चौकातलं बॅनर न्हाई," मी म्हटलं.

"मग डबी मोठी करा की," तो म्हणाला.

भागीदाराचं आणखी वेगळंच. गाणी वेगाच्या चढत्या क्रमानं लावायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावर शास्त्रशुद्ध परिणाम होतो म्हणे. त्यानं तसा तक्ता करून पाठवला. तक्ता! माझ्या दुकानात गर्दी, हातात उघडलेला फोन, आणि हा मला तक्ता पाठवायलाय. मी सगळ्यांना एकच सांगितलं की गाणी वर्षांप्रमाणं लागतील, पहिलं ते पहिलं. त्यावर पहिल्या नंबराचं भांडण मिटलं. आमचं पहिलं गाणं कोणतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्या पुढं उभं राहायची कोणाची टाप नव्हती.

ते गाणं औशाच्या माझ्या मित्राचं. आता तो एसटीत कंडक्टर आहे. तेव्हा नांदेडातच आयटीआय करून रिकामा होता, माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि बिलबुकाच्या पाठीवर रॅप लिहायचा. रॅप त्याचा झकास, पण लोकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं ते त्याच्या आईमुळं. मावशी औशाला अंगणवाडीत मदतनीस. विहारात असो, बारशात असो, जयंतीत असो, बायका जमल्या की सुरुवात मावशींच्याच गळ्यातून व्हायची. आईचा आवाज मधे मधे टाकू, ही कल्पना मित्राची. एका लग्नासाठी मावशी नांदेडला आल्या होत्या. मांडवातून तसंच त्यांना माझ्या खोलीत आणलं, अंगावर नवी कडक साडी, हातात आहेराची पिशवी. माइकला घरघर ऐकू जाते म्हणून पंखा बंद केला. मावशी घामानं निथळल्या, पण पदर खोचून एका दमात गायल्या.

"पाटीवरलं अक्षर, लेकी, गिरव गं गिरव,
घरोघरी दिव्यावानी त्याला मिरव गं मिरव."

मग तिसरी ओळ: "चुलीम्होरं कोळशानं मी भुईला लिव्हलं." आणि मग चौथी. ती चौथी ओळ आमच्या गाण्यात आजवर कोणाला नीट ऐकूच आली नाही. तिच्यावर मी ओरडलेलो आहे.

आता हे ओरडणं काय असतं ते सांगतो. त्या काळात आमच्याकडं गाणी मेमरी कार्डावरनं पसरायची. माझ्यासारख्या दुकानात यायचं, कार्ड भरून घ्यायचं, गावाकडं जायचं. आज तुम्ही गाणं केलं की परवा इस्लापूरच्या जीपमध्ये वाजायचं, आणि तेरवा कोणीतरी तेच गाणं स्वतःच्या नावानं फिरवायचा. म्हणून आमच्यातला प्रत्येक जण गाण्याच्या मधेच स्वतःच्या नावाची आरोळी रेकॉर्ड करून टाकायचा. माझी आरोळी होती, "ऐकायलाव ना? नांदेऽऽड!" आणि पुढं लेबलचं नाव, त्याला गुहेत ओरडल्यासारखा घुमारा. आरोळी कुठं टाकायची याचं माझं एक शास्त्र होतं. गाणं जिथं सगळ्यांत गोड, तिथंच टाकायची. म्हणजे चोराला ती कापता येत नाही, कापली तर गाण्याचाच जीव जातो. मला या अकलेचा फार अभिमान होता. मी चार जणांना हे शास्त्र शिकवलंसुद्धा.

मित्राला फोन केला. म्हटलं, आपलं गाणं संग्रहात पहिलं लावायलोय, तू फक्त हो म्हण.

"हाव, घे की," तो म्हणाला. "पण आईच्या आवाजावरची तुझी आरोळी काढ. काढली तर घे. न्हाई तर माझं गाणं घेऊ नको."

"अरे, लोकांना ते आरोळीसकट पाठ हाय!"

"मला नको सांगू. आईचा गळा गेलाय, माहीत हाय ना तुला?"

माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मावशींच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. बोलतात, पण घासल्यासारखं, जवळ जाऊन ऐकावं लागतं. गाणं संपलं ते संपलंच. आणि इतक्या वर्षांत त्यांचा आवाज नीट माइकवर कोणी घेतला होता तर तो मी, त्या एका दुपारी. बाकी फोनवरचे तुकडे, त्यांत टाळ्या आणि लेकरांची रडारड. मित्र म्हणायलेला ते रास्तच होतं. पण मला तेव्हा ते रास्त वाटलं नाही, खरं सांगतो. मला वाटलं की हा बारावा नवरदेव.

बिगर आरोळीची प्रत माझ्याकडं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. दुकानातले सगळे खण उपसले. जुनी हार्ड डिस्क मेलेली. सीड्या काढल्या तर त्यांना बुरशी. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करता, लोकांचे हरवलेले फोटो काढून देता, आणि स्वतःचं एक गाणं सांभाळता आलं नाही?" मी भागीदाराला फोन करून झापला, की तू का ठेवली नाहीस. तो शांतपणे म्हणाला, "डिस्क भरली म्हणून साध्या प्रती तूच पुसल्या. आरोळीवाल्याच खऱ्या प्रती, बाकी कचरा, असं म्हणाला होतास." मी फोन ठेवला. या माणसाची आठवण चांगली आहे, हा त्याचा मोठा दोष आहे.

मग सुरू झाली सॉफ्टवेअरची थेरं. आजकाल गाण्यातलं वाजप आणि गळा वेगळा करून देणारं सॉफ्टवेअर निघालंय. भागीदारानं ते लावलं. वाजप वेगळं झालं, छान झालं. पण माझी आरोळी आणि मावशींचा गळा दोन्ही माणसांचेच आवाज, ते एकमेकांपासून सुटेनात. आरोळी कमी केली की मावशी रांजणात बसून गायल्यासारख्या वाटायच्या. मावशी नीट केल्या की मी परत हजर, "ऐकायलाव ना?" त्या आठवड्यात मी स्वतःची आरोळी किती वेळा ऐकली त्याला हिशेब नाही. किती घाण ओरडतो हो मी! आणि तो घुमारा! दहा वर्षांत एकानंही सांगू नये?

मित्राला समजावून सांगावं म्हणून मी मुद्दाम त्याच्याच बसमध्ये चढलो, नांदेड ते लातूर. हा माझा आणखी एक शहाणपणा. कंडक्टरशी ड्यूटीवर भांडता येत नाही, हे मला लोहा गेल्यावर कळलं.

"ऐक," मी म्हटलं, "सॉफ्टवेअरनं बरीच खाली बसवलीय आरोळी. आता नुसती पुसट येते."

"पुढं सरका, पुढं सरका! आजी, पिशवी मांडीवर घ्या. पुसट न्हाई, पूर्ण काढ."

"न्हाई निघत यार. एवढा कशाला हट्ट? एक ओळ तर हाय. बाकीच्या तीन ओळी स्वच्छ हायत ना आईच्या."

त्यानं तिकिटाचं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचं अर्धं तिकीट फाडलं, सुट्ट्यांवरनं एकाशी वाद घातला, घंटी मारली, आणि परत माझ्याजवळ आला.

"आई रोज ते गाणं लावती फोनवर," तो म्हणाला. "काम करता करता ऐकती. तिसरी ओळ झाली की बंद करती. रोज. आरोळी यायच्या आधी अंगठा लावून बंद. मी एकदा विचारलं, कामून बंद करती?"

"मग?"

"तूच विचार तिला. मी सांगितलं तर आपलं भांडण हुईल, आन मला अजून अहमदपूर उतरवायचंय."

एवढं बोलून तो पुढं निघून गेला. मी काही विचारलं नाही, ना त्याला, ना मावशींना. लातूरच्या पुढं औसा काही लांब नाही, त्याच दिवशी जाऊन येता आलं असतं. पण मला वाटलं, आपल्याला ठाऊकच आहे. कर्कश वाटत असेल, बंद करत असतील. त्यात विचारायचं काय?

लातूरला भागीदाराकडं गेलो तर तो दोन बॅचच्या मधे डबा खायलेला. त्यानं पोळीचा घास हातात धरून विचारलं, "साधी प्रत तू कोणालाच दिली नव्हतीस? एकालाही?" आणि माझं डोकं सणकन तापलं, कारण मला देगलूर आठवलं.

देगलूरचा एक साउंडवाला. मोठ्या गाडीवर बॉक्सची भिंत उभी करून मिरवणुकीत वाजवायचा. गाणं नवीन होतं तेव्हा मला वाटायचं की हे देगलूरला वाजलं पाहिजे, म्हणजे तिथून तेलंगणात जाईल, कर्नाटकात जाईल. त्याला कार्ड दिलं तर तो म्हणाला, "माझ्या गाडीवर तुझ्या नांदेडची आरोळी? लोक म्हणतील गाडीच नांदेडहून मागवली. बिगर आरोळीचं दे, न्हाई तर वाजवत न्हाई." आमच्याकडं हे असंच चालतं. साउंडवाल्याच्या गाडीवर दुसऱ्याचं नाव वाजत नाही. मी त्याच्याकडनं शपथ घेतली की तू स्वतःची आरोळी टाकणार नाहीस, आणि साधी प्रत दिली. आठ दिवसांत तेच गाणं फिरून माझ्या दुकानात आलं, आणि त्यात, "आली रे आली, देगलूरची गाडी आली!" मी त्याला फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर दहा वर्षं त्याचं नाव काढलं नव्हतं.

"पण त्यानं आरोळी टाकली कुठं?" भागीदारानं विचारलं.

"टाकली असंल कुठंतरी! मला काय ठाऊक? मी रागानं पूर्ण ऐकलंच न्हाई."

"तुझी शेवटच्या ओळीवर आहे. त्याची दुसरीकडं असेल, तर त्याच्यातली शेवटची ओळ घ्यायची, बाकी आपल्यातलं." त्यानं पोळीचे दोन तुकडे डब्याच्या झाकणावर जोडून दाखवले. हा माणूस शिक्षक आहे, तो जेवतानाही शिकवतो. पण बात पटली. मनात म्हटलं, चोराच्या हातची लंगोटी.

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून देगलूर गाठलं. साउंडवाला आता जाड झालाय, मंडप डेकोरेशनही करतो. मी भांडायची तयारी करून गेलो होतो. त्यानं मला बघितलं आणि मिठीच मारली. "अन्ना! मला माहीत होतं, एक दिवस तू येणार!" त्याला वाटलं मी समेट करायला आलो. चहा पाजला, वर भजी खाऊ घातली. बायकोशी कन्नडमधून बोलला, कामगारांवर तेलुगूतून खेकसला, आणि मला मराठीतून सांगितलं की तुझ्यासारखी गाणी आता कोणी करत नाही. ज्याच्यावर दहा वर्षं दात खाल्ले त्याच्या घरची भजी खाताना फार अवघड होतं. भजी चांगली होती, हे आणखी वाईट.

मी फुकटच घाबरत होतो. त्यानं गोडाऊनातला जुना कॉम्प्युटर काढला, धूळ बसू नये म्हणून मंडपाच्या कापडात गुंडाळलेला. आत सगळं ओळीनं लावलेलं, लग्नाची वेगळी, जयंतीची वेगळी, गणपतीची वेगळी. मी ज्याला चोर म्हणत होतो त्यानं जपलं, आणि मालक म्हणवणाऱ्यानं पुसलं. साधी प्रत त्याच्याकडंही उरली नव्हती, आरोळीवालीच होती. लावली. शेजारी कामगार बॉक्स तपासायलेले, भिंती हादरायलेल्या. त्या दणक्यात मला एवढंच कळलं की त्याची आरोळी पहिल्याच ओळीवर आहे, "पाटीवरलं" म्हणायच्या आत. आणि शेवटच्या ओळीवर काहीच नाही. मी ते गाणं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि त्याचे हात हातात घेतले. आता त्यालाही डबीत साउंडवाला म्हणून नाव पाहिजे होतं. म्हटलं, टाकतो बाबा, टाकतो.

लातूरला भागीदारानं दुपारच्या सुट्टीत दोन्ही प्रती कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावल्या. वरच्यातून तीन ओळी, खालच्यातून चौथी. त्यानं जोड घासून पुसून गुळगुळीत केला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

"पाटीवरलं अक्षर, लेकी, गिरव गं गिरव." ती दुपार आठवली, बंद पंखा, कडक साडी. "चुलीम्होरं कोळशानं मी भुईला लिव्हलं." आणि मग दहा वर्षांच्या सवयीनं माझे कान आरोळीची वाट बघायलेले. आरोळी आली नाही. त्या जागी मावशी स्वच्छ गायल्या:

"औशाची..." आणि पुढं त्यांचं नाव. नाव मी इथं लिहीत नाही, ते गाण्यात आहे, तिथं ऐका. "औशाची अमुक म्हणे, माझं नाव बी गिरव."

मी हेडफोन काढून ठेवला. भागीदारानं विचारलं, "ही कोण?"

"मावशी. मावशींचं नाव हाय ते."

त्यानं पुस्तकाचं पान उघडलं, छपाईला जायच्या तयारीत असलेलं. पहिलं गाणं. रॅप, मित्राचं नाव. बीट, भागीदाराचं नाव. ध्वनिमुद्रण, माझं नाव. आणि ओव्या: पारंपरिक. दहा वर्षांपूर्वीही त्यानं मला विचारलं होतं की या ओव्या कोणाच्या, आणि मी म्हटलं होतं, बायकांच्या असतात रे, लिही पारंपरिक. या वेळी तर त्यानं विचारलंही नव्हतं, जुनंच उचललं होतं.

गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, हे आमच्याकडं लहान लेकराला कळतं. मी जयंतीच्या स्टेजसमोर बसून वाढलेला माणूस. गायनपार्टी शेवटच्या कडव्यावर आली की आम्ही पोरं कवीचं नाव आधीच ओरडायचो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. ठाऊक होतं. पण रेकॉर्ड करताना माझं लक्ष शब्दांकडं नव्हतं, आवाजाच्या काट्याकडं होतं, आणि मांडवातून घाम पुसत आलेल्या, हातात आहेराची पिशवी धरलेल्या बाईनं ते गाणं स्वतः रचलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाणारी बाई म्हणजे नुसती गाणारी, असं मी धरून चाललो. आणि लोक आपलं नाव पुसतात म्हणून गावभर बोंबलत फिरणाऱ्या मी, तिच्या नावावर बरोब्बर माझं नाव ओरडून ठेवलं. गाणं सगळ्यांत गोड जिथं, तिथं. लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

औशाला गेलो तेव्हा मित्राची सुट्टी होती. तो दारात उभा होता. माझं तोंड बघूनच त्याला कळलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. तू आधी कामून न्हाई सांगितलंस रे?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? त्या दुपारी मी खोलीच्या भाईर हुतो. गळा गेल्यावर सांगितलं तिनं. आन आरोळी टाकली तवा मी बी टाळ्याच वाजवल्या हुत्या."

मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि त्यांच्याच फोनवर गाणं टाकून लावून दिलं. त्यांनी फोन कानाशी धरला. रॅप झाला, पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी ओळ संपत आली तसा त्यांचा अंगठा सवयीनं बंद करायला निघाला. "मावशी, राहू द्या," मी म्हटलं. अंगठा काचेच्या वर तसाच थांबला. आणि त्याच्याखालून त्यांचं नाव निघून गेलं, त्यांच्याच जुन्या, खणखणीत गळ्यात.

मावशींनी फोन मांडीवर ठेवला. एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग त्या घासलेल्या आवाजात म्हणाल्या, आणि मला पुढं वाकून ऐकावं लागलं, "म्या सांगितलं हुतं की तुला तवाच. शेवटाला माझं नाव हाय, तेवढं नीट येऊ दे म्हणून. पर तुझ्या कानाला ते डबडं हुतं."

मला आठवलंच नाही. अजूनही आठवत नाही. त्या बोलल्या असणार, ओठ हललेले मी बघितलेही असणार, आणि हेडफोनमध्ये स्वतःचीच आरोळी लावून कुठं बसवावी ते बघत असणार. मी म्हटलं, "चुकलो मावशी."

"पुस्तकातलं बी बदललंय," मी सांगितलं. "तिथं आता तुमचंच नाव हाय. सगळ्यांत वर."

त्यांनी मान हलवली. मग त्यांना माझीच काळजी पडली. "पर आता तुझी आरोळी न्हाई म्हणजे लोक चोरतील की रे गाणं."

"चोरू द्या," मी म्हटलं. "नाव आतच हाय. ते काढलं तर ओळच ऱ्हात न्हाई."

मावशी हसल्या, आवाज न करता. शेंगांची टरफलं पदरातून झटकली, फोन माझ्या हातात दिला आणि समोरच्या घराकडं बोट करून म्हणाल्या, "पुन्हा लाव. आन वाढीव जरा, तिकडं ऐकू जाऊ दे."

मी आवाज होता तेवढा वाढवला. तिसरी ओळ झाली, चौथी आली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यावर गप्प बसलो.